विश्लेषण : डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर क्रीम, लेझर, फिलर की शस्त्रक्रिया? निवड नेमकी कशावर ठरते?

डोळ्यांखालचा थकवा सगळ्यांचा सारखाच दिसतो, पण त्यामागची कारणे वेगवेगळी असतात. एका कारणावरचा उपचार दुसऱ्या कारणावर चालत नाही, काही वेळा उलटतोही. तरीही बहुतेक ठिकाणी आधी 'पॅकेज' ठरते आणि कारण नंतर शोधले जाते. पैसे वाया जाण्याचे आणि क्वचित डोळ्याला इजा होण्याचे मूळ इथेच आहे.

चर्चा आता का?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि 'अंडर-आय पॅकेज'च्या जाहिराती मोबाइलवर दिसू लागतात. 'एका बैठकीत काळी वर्तुळे गायब' असा त्यांचा सूर असतो. ही मागणी केवळ आपल्याकडची नाही. सौंदर्य शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या 'आयसॅप्स' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये पापण्यांची शस्त्रक्रिया ही जगात सर्वाधिक केली गेलेली सौंदर्य शस्त्रक्रिया ठरली. तिची संख्या २१ लाखांहून अधिक होती. त्याआधीच्या वर्षी चरबी काढण्याची शस्त्रक्रिया आघाडीवर होती.

करोनाकाळात व्हिडीओ कॉलवर तासन् तास स्वतःचाच चेहरा पाहावा लागल्याने ही जाणीव वाढल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. त्यात मोबाइलचा कॅमेरा आणि डोक्यावरचा दिवा हे दोघेही फसवे असतात. छतावरून पडणारा प्रकाश डोळ्यांखाली सावली पाडतो आणि खोलगटपणा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणजे उपचाराचा निर्णय अनेकदा चुकीच्या प्रकाशात घेतला जातो.

काळी वर्तुळे म्हणजे नेमके काय?

डोळ्यांखालची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचेपैकी एक. तिच्याखाली चरबीचा थर फारसा नसतो, लगेच स्नायू लागतो. त्यामुळे आत जे काही चालले आहे ते बाहेर लवकर दिसते. या काळपटपणाचे साधारण चार प्रकार मानले जातात.

पहिला प्रकार रंगद्रव्याचा. त्वचेत मेलॅनिन जास्त साठल्याने भाग तपकिरी दिसतो. भारतीय त्वचेत हा प्रकार खूप आढळतो आणि अनेक घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. सतत डोळे चोळणे, ॲलर्जी, ऊन, काजळ किंवा केसांच्या कलपाची रिॲक्शन यांमुळे तो वाढतो.

दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांचा. पातळ त्वचेतून खालच्या बारीक शिरा आणि स्नायू दिसतात, त्यामुळे भाग निळसर-जांभळा वाटतो.

तिसरा प्रकार रचनेचा. इथे त्वचेचा रंग बदललेलाच नसतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे जाणारी खोलगट रेघ, म्हणजे वैद्यकीय भाषेत 'टिअर ट्रफ', किंवा वयानुसार पुढे आलेली चरबीची पिशवी सावली पाडते. दिसतो तो सावलीचा काळपटपणा.

चौथा प्रकार मिश्र. प्रत्यक्षात बहुसंख्य लोक याच गटात मोडतात. म्हणूनच 'माझ्या मैत्रिणीला ज्याने फरक पडला, तेच मलाही करा' ही मागणी फसते.

स्वतःचा प्रकार कसा ओळखावा?

घरच्या घरी अंदाज घेता येतो. दिवसा खिडकीकडे तोंड करून आरसा समोर धरावा. छतावरचा दिवा बंद ठेवावा. प्रकाश समोरून आल्यावर काळपटपणा बराच कमी झाला, तर तो मुख्यतः सावलीचा आहे.

त्यानंतर बोटाने खालची त्वचा हलकेच बाजूला ताणावी. तपकिरी रंग जसाच्या तसा राहिला, तर रंगद्रव्याचा प्रकार असण्याची शक्यता जास्त. ताणल्यावर निळसर छटा अधिक गडद झाली, तर रक्तवाहिन्यांचा. ताणल्यावर काळपटपणा नाहीसाच झाला, तर सावलीचा. मान सरळ ठेवून फक्त नजर वर केली आणि फुगवटा आणखी उठून दिसला, तर ती चरबीची पिशवी असते. सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत कमी होणारा फुगवटा मात्र पाणी साठल्याचा असतो. त्याचा संबंध मीठ, ॲलर्जी, झोप किंवा एखाद्या आजाराशी असू शकतो.

या चाचण्यांनी निदान होत नाही. तज्ज्ञ डर्मोस्कोप आणि वुड्स लॅम्प यांसारख्या साधनांनी खात्री करतात. पण ही दोन मिनिटे दिली, तर दवाखान्यात आपल्यासमोर ठेवलेला उपचार आपल्या कारणाशी जुळतो की नाही, हे तरी कळते.

उपचाराआधी कोणत्या गोष्टी तपासायला हव्यात?

पहिली गोष्ट ॲलर्जी. वारंवार शिंका, नाक चोंदणे, डोळ्यांना खाज असा त्रास असेल तर नाकाभोवतीच्या शिरांत रक्त साचून डोळ्यांखाली काळपटपणा येतो. चोळण्याने त्यात भर पडते. ॲलर्जीवर उपचार न करता लेझर घेणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसणे.

दुसरी गोष्ट रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचे प्रमाण ५७ टक्के होते. रक्तक्षयामुळे त्वचा फिकट पडते आणि डोळ्यांखालचा भाग तुलनेने अधिक गडद दिसतो. लोहाच्या गोळ्या घेतल्याने आनुवंशिक वर्तुळे जाणार नाहीत. पण थकवा दिसण्याचे आणि वाटण्याचे कारण रक्तातच असेल, तर हिमोग्लोबिनची साधी तपासणी कोणत्याही पॅकेजपेक्षा स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट औषधे. काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या लॅटानोप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट या गटातील थेंबांनी डोळ्यांभोवतीची त्वचा काळवंडते आणि डोळे खोल गेल्यासारखे दिसू शकतात. असे थेंब चालू असल्यास ते स्वतःहून बंद करू नयेत, त्याने दृष्टी धोक्यात येते. नेत्रतज्ज्ञांशी बोलून पर्याय विचारावा.

चौथी गोष्ट सूज. डोळ्यांभोवती अचानक आणि टिकून राहणारी सूज थायरॉइड किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची खूण असू शकते. सोबत पायांना सूज किंवा लघवीला फेस असेल, तर आधी गाठायचा तो फिजिशियन.

क्रीमने किती फरक पडतो?

रंगद्रव्याच्या प्रकारात थोडा, तोही सावकाश. क जीवनसत्त्व, नियासिनामाइड, रेटिनॉल, कोजिक ॲसिड अशा घटकांचा परिणाम दिसायला किमान आठ ते बारा आठवडे लागतात. कॅफीन असलेली क्रीम सूज काही तासांसाठी कमी करतात, कारण शिरा तात्पुरत्या आकुंचन पावतात. सावलीच्या प्रकारात क्रीमचा उपयोग जवळपास नाही. खड्डा रंगवून भरत नाही.

या यादीत सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे सनस्क्रीन. तिच्याशिवाय रंगद्रव्यावरचा कोणताही उपचार टिकत नाही. डोळ्यांजवळ झोंबत असेल तर झिंक ऑक्साइड असलेली सनस्क्रीन आणि गॉगल हा पर्याय आहे.

खरा धोका स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीममध्ये आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेल्या मलमाने काही दिवसांत चेहरा उजळतो. म्हणून ती एकमेकींना सुचवली जाते आणि महिनोन्‌महिने लावली जाते. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, म्हणजे एक प्रकारचे वर्तुळ घालवताना दुसऱ्या प्रकारचे तयार होते. डोळ्यांजवळ दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचाही धोका असतो. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. तरीही मेडिकलच्या काउंटरवर ती नावाने मागितली जातात.

दुसरा धोका पाऱ्याचा. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे आणि त्या वापरत असलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पारा असल्याचे मुंबईतील तपासणीतून २०२३ च्या सुरुवातीला समोर आले. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही असे रुग्ण नोंदवले गेले. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत पारा मिसळलेली सर्व सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत हद्दपार करण्याचे ठरले. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली डबी डोळ्यांजवळ तर सोडाच, हातालाही लावू नये.

पील आणि लेझर कोणासाठी?

रंगद्रव्याचा प्रकार आहे, ॲलर्जी आटोक्यात आहे आणि क्रीमने पुरेसा फरक पडला नाही, अशांसाठी. सौम्य रासायनिक पीलमध्ये लॅक्टिक किंवा ग्लायकॉलिक ॲसिडने त्वचेचा वरचा थर काढला जातो. क्यू-स्विच्ड एनडी-याग हा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर खोलवरच्या रंगद्रव्यावर काम करतो आणि सावळ्या त्वचेसाठी तुलनेने सुरक्षित मानला जातो. दोन्हींत एका बैठकीत भागत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात.

सावळ्या त्वचेला इथे वेगळी काळजी हवी. लेझरची शक्ती जास्त झाली किंवा पील जास्त वेळ राहिला, तर त्वचा भाजते आणि बरी होताना आधीपेक्षा काळी पडते. गोऱ्या त्वचेवरचे 'आधी-नंतर'चे फोटो पाहून इथे अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. आपल्यासारख्या रंगाच्या रुग्णांचे निकाल विचारावेत.

दुसरी अट डोळ्यांच्या संरक्षणाची. पापणीवर किंवा अगदी तिच्या कडेशी लेझर वापरायचा असेल, तर बाहेरून लावलेला चष्मा पुरत नाही. डोळ्याच्या आत बसवायचे धातूचे कवच लागते. लेझर दृष्टिपटलावर पडला तर झालेली इजा भरून येत नाही. 'डोळे घट्ट मिटून घ्या' एवढेच सांगणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे.

फिलरचा एवढा बोलबाला का?

कारण योग्य व्यक्तीत परिणाम त्याच दिवशी दिसतो. हायलुरोनिक ॲसिडचे जेल खोलगट भागात भरले की सावली कमी होते. पण हा उपाय फक्त सावलीच्या प्रकारावरचा आहे. त्वचा तपकिरी असेल तर फिलरनंतरही ती तपकिरीच राहते.

फिलर नवे नाहीत, डोळ्यांखाली त्यांना मिळालेली अधिकृत मान्यता मात्र अगदी अलीकडची आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चेहऱ्यावरील घड्यांसाठी हायलुरोनिक ॲसिडचे पहिले फिलर २००३ मध्ये मंजूर केले. डोळ्यांखालच्या खळगीसाठी पहिली मंजुरी 'युवेडर्म व्होल्बेला एक्ससी'ला मिळाली ती थेट २०२२ मध्ये, तीही २१ वर्षांवरील व्यक्तींसाठी. त्यानंतर २०२३ मध्ये 'रेस्टिलेन आयलाइट'ला मान्यता मिळाली. मधली सुमारे १८ वर्षे डोळ्यांखाली जे भरले जात होते, ते डॉक्टरांच्या स्वतःच्या जबाबदारीवर. चेहऱ्याच्या इतर भागांपेक्षा हा भाग किती नाजूक मानला जातो, हे यावरून कळते.

त्रास कोणते? जेल फार वरच्या थरात गेले तर पातळ त्वचेतून निळसर दिसते. हायलुरोनिक ॲसिड पाणी धरून ठेवते. त्यामुळे आधीच सूज किंवा पिशवी असलेल्यांचा फुगवटा वाढतो. 'सहा महिन्यांत आपोआप विरघळते' हे विधानही सरसकट खरे नाही. एमआरआय तपासण्यांत काहींच्या चेहऱ्यात दोन वर्षांनंतरही फिलर आढळले आहे. म्हणजे दर वर्षी नव्याने भरत राहिल्यास आधीच्यावर थर चढत जातो.

सर्वांत गंभीर धोका दुर्मीळ आहे, पण माहीत असायलाच हवा. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. डोळ्याच्या धमनीपर्यंत पोहोचले तर कायमचे अंधत्व येऊ शकते. अमेरिकी प्रशासनाने याबाबत २०१५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. इंजेक्शन देताना किंवा नंतर त्वचा पांढरी पडणे, जाळीदार निळसर डाग उमटणे, असह्य वेदना किंवा अंधुक दिसणे ही धोक्याची चिन्हे आहेत. दृष्टिपटल रक्तपुरवठ्याशिवाय फार काळ टिकत नाही, इथे हिशेब मिनिटांचा असतो. म्हणून फिलर विरघळवणारे हायलुरोनिडेज हे औषध त्याच खोलीत हवे, 'मागवून घेऊ' चालणार नाही.

पीआरपी, 'सॅल्मन डीएनए' आणि बोटॉक्सचे काय?

पीआरपीमध्ये स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेटयुक्त भाग वेगळा करून डोळ्यांखाली टोचला जातो. त्वचेचा पोत थोडा सुधारतो, असे काही लहान अभ्यास सांगतात. मात्र रक्त फिरवण्याची आणि प्लेटलेट मोजण्याची एकच पद्धत नसल्याने निकालांत मोठा फरक पडतो. रक्त स्वतःचे असले म्हणून प्रक्रिया आपोआप सुरक्षित होत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये २०१८ मध्ये 'व्हॅम्पायर फेशियल' घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील रोग नियंत्रण केंद्राने २०२४ च्या अहवालात नोंदवले. सुया आणि रक्ताच्या नळ्या आपल्यासमोर फोडल्या जातात का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

'सॅल्मन डीएनए' या नावाने विकली जाणारी पॉलिन्यूक्लिओटाइडची इंजेक्शने दक्षिण कोरियातून लोकप्रिय झाली. ती माशांच्या शुक्रपेशींतील डीएनएपासून बनवतात. त्वचा जाड आणि टवटवीत होते, असा दावा आहे. डोळ्यांखालच्या भागासाठीचा पुरावा अजून मर्यादित आहे. माशांची ॲलर्जी असलेल्यांनी ती टाळावीत.

बोटॉक्सबाबत गैरसमज मोठा आहे. ते स्नायू सैल करते, म्हणून हसताना डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात पडणाऱ्या सुरकुत्यांवर चालते. काळपटपणा, खळगी किंवा पिशवी यांपैकी कशावरही ते औषध नाही. उलट खालच्या पापणीचा स्नायू सैल पडला तर पिशवी अधिक लोंबू शकते.

शस्त्रक्रिया कधी योग्य ठरते?

पुढे आलेली चरबीची पिशवी हे मुख्य कारण असेल तेव्हा. ती ना क्रीमने जाते, ना लेझरने. फिलरने ती झाकण्याचा प्रयत्न केला तर चेहरा सुजल्यासारखा दिसतो. 'लोअर ब्लेफरोप्लास्टी' या शस्त्रक्रियेत चरबी काढली जाते किंवा खालच्या खळगीत सरकवून बसवली जाते. त्वचा सैल नसेल तर पापणीच्या आतून छेद देता येतो आणि बाहेर व्रण राहत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत सूज आणि काळे-निळे डाग राहतात, अंतिम रूप दिसायला काही महिने लागतात. रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेह, रक्तदाब आणि डोळे कोरडे पडण्याचा त्रास यांची माहिती आधीच द्यावी लागते. जास्त त्वचा काढली गेली तर खालची पापणी बाहेर वळते आणि डोळा पूर्ण मिटत नाही. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टी जाण्याचा प्रकार फारच विरळा, पण नोंदलेला आहे. शस्त्रक्रियेचा खर्च एकदम मोठा वाटतो. मात्र पिशवी असलेल्या व्यक्तीने काही वर्षे दर वर्षी फिलरवर केलेल्या खर्चाशी त्याची तुलना केली, तर चित्र वेगळे दिसते.

सुई कोणाच्या हाती हवी?

इथे नियमांपेक्षा अंमलबजावणीची अडचण मोठी आहे. बोट्युलिनम टॉक्सिन हे औषध आहे, तर फिलर हे वैद्यकीय उपकरण नियमावली २०१७ च्या कक्षेत येतात. म्हणजे दोन्ही गोष्टी 'ब्युटी प्रॉडक्ट' नाहीत आणि त्या टोचणे हे पार्लरचे काम नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्य प्रक्रिया आणि केस प्रत्यारोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे पुरेसे प्रशिक्षण नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय दंत परिषदेने तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले दंत शल्यविशारद चेहऱ्याच्या सौंदर्य प्रक्रिया करू शकतात, अशी भूमिका घेतली. त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन यांच्या संघटनांचा अशा विस्ताराला विरोध आहे. या वादात ग्राहकासाठी अर्थ एवढाच, की भिंतीवरचे 'एस्थेटिक फिजिशियन' हे शब्द वाचून मूळ पदवी कळत नाही. ती विचारावीच लागते.

महाराष्ट्रात डॉक्टरची नोंदणी पडताळणे आता सोपे झाले आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने २०२५ मध्ये 'नो युवर डॉक्टर' हा क्यूआर कोडचा उपक्रम सुरू केला. दवाखान्यातील कोड मोबाइलने स्कॅन केला की डॉक्टरची नोंदणी आणि पात्रता समजते. ब्रिटनने २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी बोटॉक्स आणि फिलर देण्यावर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे वयाची जबाबदारी अजून तरी डॉक्टर आणि पालकांवरच आहे.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

जाहिरातीतला दर बहुधा एका बैठकीचा असतो. एकूण बैठका, दर वर्षी पुन्हा लागणारी मात्रा, मलमे, सनस्क्रीन आणि बिघडल्यास दुरुस्ती हे सगळे धरून दोन वर्षांचा खर्च काढावा. फिलरमध्ये दर सहसा सिरिंजमागे असतो. उरलेले जेल पुढच्या वेळेसाठी ठेवण्याची किंवा दोघींत वाटून घेण्याची 'सोय' कधीही स्वीकारू नये, त्यात संसर्गाचा धोका आहे.

आरोग्य विम्यातून पैसे मिळतील, ही आशा ठेवू नये. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज वगळता सौंदर्य शस्त्रक्रिया विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांत मोडते. डॉक्टरांच्या उपचार सेवेला जीएसटीतून सूट आहे, ती सौंदर्य शस्त्रक्रियेला नाही. जन्मजात दोष किंवा दुखापतीनंतरची पुनर्रचना तेवढी त्यातून वगळली आहे. म्हणून अंदाजपत्रक करासह मागावे आणि पावती घ्यावी. उपचार बिघडला तर ग्राहक आयोगापुढे पावती, संमतीपत्र आणि आधीचे फोटो हेच कामी येतात. 'बिल नको असेल तर कमी करतो' या सवलतीची किंमत तेव्हा कळते.

होकार देण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत?

माझ्या वर्तुळांचे मुख्य कारण कोणते आणि ते तुम्ही कशावरून ठरवले? हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर न देता थेट दरपत्रक पुढे करणाऱ्याकडे थांबण्यात अर्थ नाही. त्यानंतर : किती टक्के सुधारणेची अपेक्षा ठेवू? मिश्र प्रकारात उपचारांचा क्रम काय असेल? प्रक्रिया तुम्ही स्वतः करणार की सहायक? वापरणार असलेल्या औषधाचा खोका, बॅच क्रमांक आणि मुदत पाहता येईल का? हायलुरोनिडेज इथे आहे का? रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा आणि जवळचे नेत्र रुग्णालय कोणते?

वेळेचे गणितही महत्त्वाचे. लग्न किंवा मुलाखतीच्या आठवड्यात आयुष्यातले पहिले इंजेक्शन, पहिला पील किंवा पहिला लेझर कधीही घेऊ नये. फिलरसाठी किमान महिनाभर, लेझर-पीलसाठी काही महिने आणि शस्त्रक्रियेसाठी त्याहून अधिक अवधी हाताशी हवा. गर्भवती आणि स्तनदा मातांनी यातील बहुतेक उपचार पुढे ढकललेलेच बरे. रेटिनॉल, हायड्रोक्विनोनसारखी मलमेही त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत.

काहीच न करणे हा पर्याय आहे का?

आहे, आणि तो चांगल्या डॉक्टरने स्वतःहून सांगायला हवा. आनुवंशिक तपकिरी वर्तुळे हा आजार नाही. ती पूर्ण घालवण्याचे आश्वासन कोणताही उपचार प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. प्रत्यक्षात उद्दिष्ट असते ते थोडा उजळपणा, थोडी कमी सावली. तेवढ्यासाठी ॲलर्जीवर औषध, चोळण्याची सवय सोडणे, सनस्क्रीन आणि गरजेपुरते कन्सीलर एवढ्यावर अनेकांचे भागते.

उपचार घेण्यात गैर काही नाही. सतत 'बरं नाही का?', 'रात्री झोपली नाहीस का?' असे ऐकणाऱ्याला आपला चेहरा आपल्या मनःस्थितीशी जुळावा असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आरशासमोर रोज तासभर जात असेल, लोकांत मिसळणे टळत असेल आणि एका उपचारानंतर लगेच दुसरा दोष दिसू लागत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणे अधिक उपयोगाचे ठरते. बाकीच्यांसाठी क्रम सोपा आहे. आधी कारण, मग तज्ज्ञ, मग उपचार आणि सर्वांत शेवटी पॅकेजचा दर. जाहिरात हाच क्रम नेमका उलटा करते.